यादीतलं रिकामं पान

माझा स्वभाव तापट आहे आणि माझा कोड चुकत नाही, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ऑफिस पुण्याला आणि मी पिंपळगाव राजाला, घराच्या माडीवर, लॅपटॉपसमोर. त्या आठवड्यात मात्र बूड काही खुर्चीला टेकत नव्हतं.

कारण होती रोहिणखेडची एक पोरगी. सहा महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली लागली, तीही घरूनच काम करायची. टीममध्ये सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. ही पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायची, कारण जिल्हा एक. भर मीटिंगमध्ये ‘झालं ना ताई, मी टाकून देल्लं’ म्हणाली की पुण्याकडचे गालात हसायचे आणि मला कानकोंडं व्हायचं. मी स्वतः ती बोली कधीच घरापुरती ठेवली होती. शुक्रवारी तिचं ठरणार होतं, कायम करायचं की नारळ द्यायचा.

आमचं काम क्लाऊडचं, म्हणजे दूर कुठेतरी चालणाऱ्या भाड्याच्या मशिनी सांभाळायचं. कोणत्या मशिनीनं केव्हा काय करायचं ते डॉक्युमेंटमध्ये लिहून आत टाकायचं आणि त्याला टॅग लावायचे. टीम कोणती, लिहिणारा कोण, वगैरे. अशी हजारो डॉक्युमेंटं. त्यातली हवी तेवढी चाळून काढायला मी एक छोटा कोड लिहिला होता. टॅग सांगितला की यादी हजर. दोन वर्षं सगळी टीम त्याच यादीवर चालली होती. नवीन माणसाला तर आत जाऊन पाहायची परवानगीच नसते, त्याला दिसतं ते माझ्या कोडातूनच.

बुधवारी पुण्याच्या साहेबांनी तिचं काम बघायला मागितलं. मी तिच्या नावाचा टॅग टाकला. यादी रिकामी. पुन्हा टाकला, पुन्हा रिकामी. डोकं सटकलं आणि तसाच फोन लावला.

“एकोणीस टाकले मी ताई. तुम्ही रोज विचारलं तवा सांगतलं ना.”

“मग गेले कुठं? जमिनीनं गिळले?”

“मले बी नाही दिसून राह्यले यादीत.”

“दिसतील कसे? टाकलेच नाहीत. नुसतं ‘झालं, झालं’ करत होतीस.”

मग मी शहाणपण शिकवलं. म्हटलं, साहेबांना मेल कर, चूक कबूल कर, कबूल करणारा माणूस वाचतो, पुढचं मी सांभाळते. “हाव ताई,” एवढंच म्हणाली. तासाभरात तिचा मेल आला. ‘काम न करता झालं असं मी सांगितलं, मला माफ करा.’ त्यावर साहेबांनी मला एकटीला लिहिलं की काम न येणाऱ्याला शिकवता येतं, खोटं बोलणारा माणूस नको. झालं, माझं सांभाळणं तिथेच संपलं.

गुरुवारी सकाळपासून कशात जीव लागेना. दोनदा चहा केला, दोन्हीदा गार झाला. खाली गेले, वर आले, परत खाली. शेवटी आई वैतागली. “काऊन वरखाली करून राह्यली? जिना झिजन ना.” मला राहून राहून वाटत होतं की जी पोरगी एका टॅगसाठी दहादा विचारते, ती एकोणीस डॉक्युमेंटांची थाप कशाला मारेल? तरी कोड उघडला तो तिच्यासाठी नव्हे. आपण बरोबर आहोत हे एकदा डोळ्यांनी पाहावं आणि सुखानं जेवावं, म्हणून उघडला.

क्लाऊड यादी एकदम देत नाही, पानापानानं देतं. पुढे आणखी असेल तर तशी खूणही देतं. चाळणी लावलेली असली की एखाद्या पानात आपलं काहीच सापडत नाही. ते पान रिकामं येतं, पण खूण असते, म्हणजे पुढे चला. आणि मी लिहून ठेवलं होतं की पान रिकामं आलं की थांब. खूण बघायचीच नाही! पूर्वी डॉक्युमेंटं थोडी होती म्हणून खपलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या विभागानं आपली ढीगभर आणून ओतली. पहिल्या पानावर आमची जुनी राहिली म्हणून बाकीच्यांना कळलं नाही, पण पुढची पानं त्यांचीच झाली आणि तिची मागे गेली. मी एक ओळ बदलली. चौथ्या पानावर तिची डॉक्युमेंटं होती, एकोणीसच्या एकोणीस.

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. फोन लावला आणि तोंडातून घरचीच बोली निघाली.

“अवो बाई, तू तर सगळं केलं होतं. मंग नाही केलं म्हणून काऊन लिहून देल्लं?”

“तुम्ही म्हटलं ना ताई. तुमचा कोड चुकन असं मले वाटलंच नाही. मले वाटलं, माह्याच हातून राह्यलं असन.” मग हळूच म्हणाली, “मी तं घरी बी सांगून टाकलं का मी खोटी बोलली म्हणून. बाबा कालपासून बोलले नाहीत माह्यासंग. त्यायले फोन देऊ काय?”

नको म्हणायला तोंड नव्हतं. तिचे वडील भाजी पिकवतात, घरामागच्या मळ्यात वांगी तोडत होते. “बोला,” म्हणाले. मी म्हटलं, “काका, तुमची पोरगी खरी बोलली होती. चूक माह्यी आहे.”

त्यांनी विचारलं, “हे तिच्या साहेबाले सांगतलं काय?”

“सांगते आता.”

“आधी त्यायले सांगा, बाई. मंग मले.” आणि फोन ठेवला.

मी मेल लिहायला बसले. साहेबांसकट टीममधल्या सगळ्यांना पाठवला. यादीचा कोड माझा आहे, तो चुकीचा आहे, तिनं काम केलेलं आहे आणि तो माफीचा मेल मी लिहायला लावला, असं सरळ लिहिलं. शुक्रवारी ती कायम झाली. मला कोणी खोटारडी म्हटलं नाही, कोणी रागावलंही नाही. साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘होतं असं कधीकधी.’

बुधवारी तिच्यासाठी हे वाक्य आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.