चष्मा आणि पाचवं स्थळ

माझे वडील त्र्याण्णव वर्षं जगले आणि त्यातली निदान नव्वद बोलण्यात गेली. स्टोव्हच्या एका कंपनीचे ते विक्रेते. कल्याण, टिटवाळा, मुरबाड हा त्यांचा फिरतीचा भाग. बाजारात स्टोव्ह पेटवून दाखवायचा, त्यावर चहा करायचा आणि चहा पिणाऱ्याच्या घरची सगळी चौकशी करायची, ही त्यांची पद्धत. डोंबिवलीला आमच्या दोन खोल्यांत रविवारी हमखास कुणीतरी अनोळखी माणूस जेवायला असे. "हे कोण?" आई आतून हळूच विचारी. "गाडीत भेटले," बाबा सांगत. आई मुकाट्याने आणखी कणीक भिजवी.

मालातली खोट आधी सांगून टाकायची, हा त्यांचा नियम. "हा आवाज फार करतो हो," असं ते स्वतःच म्हणत. मग गिऱ्हाईकच म्हणे, असू दे, चालेल. स्टोव्हच्या बाबतीत हे ठीक होतं. बाबांनी तोच नियम मला लावला, तिथे घोळ झाला.

मी थोरली. चौदाव्या वर्षापासून मला जाड भिंगांचा चष्मा, आणि पन्नास सालच्या आसपास लग्नाच्या बाजारात चष्मा म्हणजे व्यंगच. दाखवण्याच्या कार्यक्रमाला आई तो काढायला लावी आणि आदल्या दिवशी तालीम घेई. दारापासून चार पावलं, मग उजवीकडे पाट. चष्म्याशिवाय मला माणसं दिसत नसत, नुसते कपडे दिसत. एकदा मी मध्यस्थांनाच नवरा मुलगा समजून लाजले. ते साठीचे होते. अशी चार स्थळं आली. चारही वेळा पोहे बाहेर यायच्या आत बाबा म्हणाले, "मुलीला चष्मा आहे बरं का," आणि चारही घरांतून पत्रिका जुळत नसल्याचं पत्र आलं. मी चोवीस वर्षांची घोडी झाले होते. पाठीवर दोन बहिणी. माझ्यापायी त्या दोघीही राहणार, या भीतीने मला जेवण जात नसे.

पाचवं स्थळ ठाण्याचं. या वेळी आईने बाबांना देवासमोर उभं केलं. "आज तोंडातून चकार शब्द काढायचा नाही." बाबांनी कबूल केलं आणि पाळलंही. मंडळी आली, बसली. बाबा नुसते मान हलवत आणि घाम पुसत. त्यांना बरं नसावं, असं वाटून मुलाच्या काकांनी त्यांना पाणी दिलं.

मी चार पावलं चालले, पाटावर बसले. शिक्षण सांगितलं, शिवण येतं म्हणाले. मुलाची आई म्हणाली, "आम्हाला मुलगी आवडली हो." माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं असणार. मला काही दिसलं नाही.

तेवढ्यात बाबा उठले. फळीवरचा चष्मा घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. बोलले काही नाही, शब्द दिला होता ना! मी चष्मा लावला.

मग मला मुलगा दिसला. गोरा, नीट भांग पाडलेला, चांगला होता. पण चष्मा पाहिल्यावर तो माझ्याकडे बघेचना. आपल्याला आता काय वाटायला हवं, ते कळावं म्हणून आईच्या तोंडाकडे बघत राहिला. चहा निवत होता, तरी कप तसाच हातात.

आठवड्याने पत्र आलं. मुलगी पसंत आहे. चष्माही चालेल, फक्त लग्नात आणि घरी चार माणसं आली की काढून ठेवावा. आईने देवाजवळ साखर ठेवली. "एवढंच ना? काढेल की!"

बाबांनी पत्राची घडी केली आणि मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

आमच्या आळीत हा प्रश्न कुठल्या मुलीला विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. "मला नको," मी म्हणाले आणि ढसाढसा रडले, कारण दोघी बहिणी समोरच उभ्या होत्या.

नकार पत्राने कळवणं बाबांना पटेना. दुसऱ्या दिवशी ते स्वतः ठाण्याला गेले आणि दिवेलागणीला परतले ते त्याच घरातून एका स्टोव्हची ऑर्डर घेऊन. आईने कपाळावर हात मारला. "पत्रिका जुळत नाही असंच सांगितलंत ना?"

"छत्तीसात अठ्ठावीस गुण जुळत होते, तसं कसं सांगू?" बाबा टोपी खुंटीला लावत म्हणाले. "म्हटलं, मुलीने मुलगा पाहिला, तिला पसंत नाही."

आई मटकन खाली बसली. "असं कुणी सांगतं का हो! चारचौघांत नाक कापलंत. आता या दोघींना कोण विचारणार?"

विचारणारे पुढे आले. लग्नं तिघींचीही झाली, माझं सगळ्यांत शेवटी. पण बाबा ठाण्याहून परतले त्या संध्याकाळी आईने त्यांना चहा विचारला नाही, म्हणून तो मी केला. पाच घरांनी मला पाहिलं होतं. मी एकालाच पाहिलं, आणि तेवढं सांगायला माझे वडील ठाण्यापर्यंत गेले होते.