बचनकाका, बारा मिसली आणि शुऐबातली दुपार

गुरबचनसिंग यांच्यावर अन्याय झाला. यंदाच्या जूनमधल्या एका मंगळवारी, दुपारी एकच्या सुमारास, कुवेतमध्ये शुऐबाला. उन्हाळाभर तिथं अकरा ते चार उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी असते. त्याच वेळेत त्यांना परांचीवर चढावं लागलं. खाली आणलं तेव्हा अंग हात लावू नये इतकं तापलेलं होतं, शुद्ध नव्हती. इस्पितळात पोचायच्या आत ते गेले. कंपनीनं नांदेडला त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, फोन करून सांगितलं, ‘हार्ट अटॅक. विश्रांतीच्या वेळेत स्वतःच वर गेले होते.’ माझी तेव्हा मीना अब्दुल्ला या गावातल्या गोदामात बदली झाली होती, बातमी तिथं पोचली. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो हाच... स्वतःच? एकटे? हा माणूस चहासुद्धा एकटा प्यायचा नाही.

गुरबचनसिंग म्हणजे आमचे बचनकाका. नांदेडचे, गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीतले. लाहोरच्या महाराजाची फौज दख्खनेत आली आणि निजामाच्या मुलखात राहिली, तिच्यातलं त्यांचं घराणं. घरात पंजाबी कमी, मराठवाडी बोली जास्त. मी त्याच गावचा, कॉलेजात चळवळीची पत्रकं लिहून हात बसलेला. शुऐबाच्या कामगार कॅम्पवर पिण्याचं पाणी गरम येतं म्हणून मी मेसच्या भिंतीवर एक पत्रक चिकटवत होतो, तेव्हा मागून आवाज आला, “काय चिकटवायलास रे?” त्यांनी पूर्ण वाचलं. “लई झणझणीत लिहिलंस. पण हे म्हणणं कुणाचं हाय?” मी म्हणालो, “सगळ्यांचं.” “सगळ्यांना इचारलंस?” नव्हतं विचारलं. त्यांनी पत्रक सोडवून माझ्या हातात दिलं. “शुक्रवारी बस आमच्यात. मग लिही.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘पत्रकवाले’ झालो.

शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाली की मेसमध्येच सगळे खाली बसायचे, आणि काका मिसलींचं सांगायचे. आपली शाळेतली पुस्तकं पानिपत झालं की पंजाबातून पाय काढता घेतात. त्यानंतर अफगाण स्वाऱ्यांना तिथं कोण भिडलं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. भिडल्या त्या मिसली. शिखांच्या लढाऊ टोळ्या, मोठ्या म्हणाव्यात अशा बारा. प्रत्येकीचा सरदार वेगळा, मुलूख वेगळा. आपसांत भांडणंही भरपूर. पण बैसाखीला आणि दिवाळीला सगळ्यांनी अमृतसरला जमायचं, तिथं वैर बाजूला ठेवायचं, ग्रंथासमोर बसून ठरवायचं. ठरलं तो गुरमता, आणि तो सरदारापासून साध्या घोडेस्वारापर्यंत सगळ्यांना बांधील. मेस चालवणारे रत्नागिरीचे इस्माईलभाई भांडी आवरता आवरता ओरडायचे, “सरदारजी, तुमचे बारा सरदार जेवले असतील तर पातेलं घासायला घेऊ का?”

मी वाद घालायचोच. म्हटलं, “काका, गावांकडून पिकाचा वाटा घ्यायचेच ना ते? राखणीची ‘राखी’ म्हणा नाहीतर काही म्हणा, खंडणीच ती.” काका दाढीत हसले. “आम्ही वाटा घेऊन पीक राखायचो. चौथाई कुणाची होती रे, पत्रकवाले? तुमचीच ना?” सगळी मेस हसली, माझ्यासकट.

उन्हाळा तोंडावर आला तसा आम्हीही एक ठराव केला. बंदीच्या वेळेत परांचीवर कुणीही चढायचं नाही, आणि चढायला सांगितलं तर सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं. एक वेल्डर अडून बसला होता. त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला होता, आणि इकामा नाही तर त्या देशात माणूस बेकायदा. मी म्हणालो, “बहुमत आहे, पुढं चला.” काका माझ्यावर उखडले. “बहुमत तुझ्या कॉलेजात. उद्या ह्यो एकटाच वर चढला, तर तुझं बहुमत खाली उभं राहून बघंल काय?” मग पुन्हा बसलो, पुन्हा बोललो. अखेर वेल्डर हो म्हणाला, तेव्हाच ठराव झाला.

कंपनीनं कुणाला दम दिला नाही. तशी गरजच नव्हती. एकाला चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम केलं, वेगळी खोली दिली. काहींना लांब वफ्राला पंपांच्या कामावर धाडलं. वेल्डरचा इकामा चटकन वाढवून मिळाला. मला गोदाम मिळालं. आमच्या शेवटच्या शुक्रवारी काका फार थोडं बोलले. “तवाबी असंच झालं बघ. सुकरचकिया मिसलीचा तरणा सरदार, पुढं लाहोरचा महाराजा झाला त्यो... कुठं सोयरीक केली, कुठं जहागीर दिली, कुठं फौज घातली. भंगी, कन्हैया, रामगढिया, एकेक मिसल संपली. मग सभेचं बोलावणंच बंद.” मी म्हणालो, “पण पंजाब एक त्यानंच केला, काका. तुमचे पूर्वज त्याच्याच फौजेतले.” “केला की. त्याचं मीठ खाल्लंय आम्ही. पण त्यो गेल्यावर धा वर्षांत इंग्रजानं सगळं घेतलं. कामून? बसून ठरवायची सवयच मोडली होती लोकांची...”

त्या मंगळवारचं मला तिथं हजर असलेल्यांनी सांगितलं, हळू आवाजात, नाव न घेण्याच्या बोलीवर. सुपरवायझरनं नव्यानं आलेल्या एका बिहारी गड्याकडे बोट केलं, “तू वर जा.” काका मध्ये पडले, “कोणी जाणार नाही.” सुपरवायझरनं बाकीच्यांना विचारलं, “अजून कुणाची हरकत आहे?” सगळे पायांकडे बघत राहिले. तो गडी कमरेला पट्टा बांधायला लागला. काकांनी पट्टा त्याच्या हातातून काढून घेतला. “बस सावलीत. तुला अजून शिडी नीट धरता येईना.” आणि ते चढले. ठराव त्यांनी मोडला, असं कुणी म्हणू नये. ते वर गेले तेव्हा ठराव मोडून झाला होता.

काकूंनी कंपनीविरुद्ध तक्रार केली आहे. ती एकाच जागी अडली आहे... साक्षीदार नाही. मी नोकरी सोडली. निघण्याआधीच्या शुक्रवारी मेसमध्ये गेलो. इस्माईलभाईंनी नेहमीसारखं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लास्टिक अंथरलं होतं. एकेक जण यायचा, ताट वाढून घ्यायचा आणि खोलीकडे निघून जायचा. कुणी बसलं नाही. इस्माईलभाईंनी मला विचारलं, “गुंडाळू काय रे आता?”

आता तुम्ही. त्या दुपारी खाली सावलीत उभ्या असलेल्यांपैकी दोघं कायमचे परत आले आहेत, एक नांदेड जिल्ह्यात, एक रत्नागिरीकडे. इकाम्याची भीती मला कळते. पण ती आता त्यांना उरलेली नाही. हे वाचणाऱ्या कुणाचा तरी त्यांच्यातला एक भाऊ असेल, जावई असेल, शेजारी असेल. त्याच्या घरी जा. एकटे जाऊ नका, चौघं मिळून जा. त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि विचारा, ‘वर जा’ कोण म्हणालं? आणि तो काकूंच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होईपर्यंत तिथून उठू नका.