अळवातली तार

आमच्या घरातला रेडिओ मी स्वतः जोडला होता आणि त्याचा मला फार माज होता. एक व्हॉल्व्ह, दोन बॅटऱ्या, कानाला लावायचे फोन, बस्स. छपरावर बांबू, तिथून शेजाऱ्यांच्या उंबरापर्यंत तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनीमातीच्या गोट्या. हे झालं एरियल. दुसरी तार जमिनीत, तिला आम्ही हौशी मंडळी 'अर्थ' म्हणायचो; तिला कायम ओल लागते. तांबट आळीतून आणलेला एक पत्रा त्या तारेला डाखून मी मोरीमागच्या अळवात पुरला होता, कारण बायको दिवसभर काही ना काही धूत असे आणि तिथली माती कधी सुकत नसे. "माझ्या खरकट्या पाण्यावर यांची मुंबई चालते," असं ती चारचौघांत सांगायची. मला राग यायचा.

तिची धाकटी बहीण मुंबईला गाणं शिकली आणि रेडिओवर गायला लागली. सासऱ्यांनी तिचं नाव टाकलं. दोघी बहिणींची दोन वर्षं भेट नव्हती. पुढे बायकोला क्षयानं धरलं, डॉक्टर माझ्याशी बाहेर ओटीवर येऊन बोलायला लागले, तरी सासऱ्यांचा शब्द मोडून मेव्हणीला घरी बोलवायची हिंमत मला झाली नाही. मी भित्राच होतो. वैशाखात मेव्हणीचं पत्र आलं. सोमवारी संध्याकाळी गाणार आहे, ताई, ऐकशील ना? बायकोनं ते पत्र उशीखाली ठेवलं. मी छाती ठोकून सांगितलं, "ऐकवतो तुला."

नेमका त्याच आठवड्यात सेट बसला. नुसती खरखर. मी बॅटरी भरून आणली, व्हॉल्व्ह बदलला, गोट्या राखेनं घासल्या, एरियलचा प्रत्येक सांधा नव्यानं डाखला. घरातली चूल कधीचीच बंद होती. तिची पेज शेजारच्या काकू आणत आणि भांडीही त्याच घेऊन जात. मी खानावळीत जेवायचो, आंघोळ गोदेवर उरकायचो आणि उरलेला वेळ कौलांवर. रेडिओ म्हटलं की माझी सगळी अक्कल आभाळात. तार खाली झुकलीय, दोष तिथंच आहे, अशी माझी खात्री होती.

सोमवारी उन्हं उतरल्यावर माडीवर तिच्या खाटेशी सेट मांडला, तिच्या कानांना फोन लावून दिले आणि छपरावर चढलो. बांबू सोडवून दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला आणि खिडकीच्या दिशेनं ओरडलो, "येतंय का गं?"

"नाही."

हातभर सरकलो. "आता?"

पुन्हा सरकलो, पुन्हा विचारलं. मग खोकल्यानं तुटलेला तिचा आवाज आला, "येतंय! छान येतंय. उतरा ना आता. इथं येऊन बसा."

"वेडी आहेस का? हललो तर जाईल!"

अर्धा तास मी तसाच उभा होतो. खांदे भरून आले. पलीकडे पंचवटीतले दिवे लागले. तिनं आणखी दोनदा हाक मारली, "अहो, या ना खाली." मी दटावलं, "गाणं ऐक गप."

खाली आलो तेव्हा तिनं फोन काढून उशाशी ठेवले होते. कशी गायली, मी विचारलं.

"छान गायली हो. आवाज भरलाय तिचा."

मग ती माझे दुखरे हात दाबत बसली. त्या संध्याकाळी मी फार खूश होतो. गुरुवारी ती गेली.

घर माणसांनी भरलं. स्मशानातून परतलेल्यांच्या आंघोळी झाल्या, मग रोज वीस माणसांची भांडी, धुणी. तेराव्याच्या संध्याकाळी सेट कायमचा काढून ठेवावा म्हणून माडीवर गेलो आणि सवयीनं फोन कानाला लावले. मुंबई खणखणीत लागली. मी कशालाही हात लावला नव्हता. बांबूसुद्धा कौलांवर कलंडलेलाच होता. मोरीमागे जाऊन पाहिलं तर कोमेजलेलं अळू तरारून उभं होतं आणि माती चिखल झाली होती.

तिच्या आजारपणात मोरीत पाणीच पडलं नव्हतं, अर्थ कोरडी पडली होती. म्हणजे त्या सोमवारी तिच्या कानांत काहीच पडलं नव्हतं. खरखर ऐकत ती पडून होती, आणि मी खाली यावं म्हणून "येतंय" म्हणाली होती. मी आलो नाही.

मेव्हणी दिवसांना आली होती. लोकांसमोर सासरे तिला काही बोलू शकले नव्हते. मला शोधत ती मोरीमागे आली.

"भाऊजी, ताईनं ऐकलं का माझं गाणं?"

"सगळं ऐकलं. आवाज भरलाय म्हणाली."

तिनं तोंडाला पदर लावला. रडू ओसरल्यावर म्हणाली, "तुम्ही तिच्याजवळच होतात ना तेव्हा?"

"होतो," मी म्हणालो.