तडा गेलेल्या लिंगाची पूजा

पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून आम्ही दिवसाआड भोरहून कापूरहोळमार्गे पुण्यास डायलिसिससाठी जातो. यंत्राने अंगातले पाणी घाईने ओढले की तिचा रक्तदाब घसरतो. सावकाश ओढावे तर सगळा दिवस खुर्चीत जातो. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, “संक्रांतीपर्यंत येईन. पुढे मला नेऊ नका.” याचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक होता.

आमची कन्या पुण्यातील एका प्रयोगशाळेत अवयव टिकवण्याचा अभ्यास करते. दान केलेले मूत्रपिंड बर्फावर फार काळ तग धरत नाही, आणि गोठवावे तर आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. म्हणून ते विशिष्ट द्रवाने भरून इतके थंड करायचे की बर्फ न होता सबंध अवयवाची जणू काच व्हावी. हे ती बकरीच्या मूत्रपिंडावर करते. माझ्या सोवळ्याचा मान राखून घरी फार बोलत नाही.

पत्नीच्या माहेरून आलेले स्फटिकाचे लहान लिंग आमच्या देवघरात आहे. थंडीत देवाला कोमट पाण्याने स्नान घालायचे आणि ते पाणी तिनेच कोपर बुडवून पाहायचे, ही घरची रीत. पौषातल्या एका सकाळी ती अंथरुणातून उठू शकली नाही. मी बंबातले पाणी काढले आणि देवाचे नाव घेत तसेच ओतले. बारीकसा आवाज झाला. लिंगाच्या पोटात केसासारखी रेघ उमटली होती.

रविवारी कन्या आली. लिंग उजेडात धरून म्हणाली, “बाबा, हा स्फटिक नाही, काच आहे.”

“माझ्या माहेरच्यांनी काच दिली म्हणतेस?” पत्नी पलंगावरून म्हणाली.

“चांगली काच दिली, आई. इतकी वर्षं टिकली.”

मग ती मला म्हणाली, “बाहेरचा भाग तापून फुगला, आतला गारच राहिला. दोघांची ओढाताण झाली आणि तडा गेला. माझ्याकडेही हेच होतं. सावकाश जावं तर बर्फ होतो, घाई करावी तर अवयव तडकतो.” म्हणून आता ती काच होण्याच्या जरा आधी थांबते, आतबाहेर सारखी थंडी पोहोचू देते आणि मगच पुढे जाते. परत ऊब देताना द्रवात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळून, चुंबकाच्या योगे सर्व अंगांनी एकदम तापवते.

“मला कधी मिळेल असं एखादं?” पत्नीने विचारले.

कन्येने लिंग ताम्हनात ठेवले. “तुझ्यासाठी नाही होणार, आई. बकरीचंच अजून धड होत नाही.”

“बरं झालं खरं सांगितलंस. हे तर अजून जपच करतायत.”

मी विषय बदलला. भंगलेले लिंग पूजेत ठेवू नये, नीरेत विसर्जन करावे, असे म्हणालो.

“अहो, तडा गेला म्हणून नदीत सोडणार? मग उद्या गाडी पुण्याला कशाला न्यायची? भाटघरच्या धरणावरच थांबवा.”

कन्या हसली, आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. मी पोथ्या काढल्या. शाळिग्राम भंगला तरी पूज्य राहतो. काचेच्या लिंगाविषयी मात्र काही सापडले नाही. शोधत राहण्याचे त्राणही उरले नव्हते. मी लिंग जागेवर ठेवले.

भोगीच्या दिवशी कन्येचा फोन आला. पत्नीने तो माझ्या हातातून घेतला.

“या वेळचं मूत्रपिंड वरून अखंड होतं, आई. कापून पाहिलं तर आत एक रेघ.”

“केवढी?”

“केसाएवढी. मागच्या वेळी दोन तुकडे झाले होते.”

“पुन्हा कधी करणार?”

“पुढच्या महिन्यात.”

संक्रांत झाली. दुसऱ्या सकाळी, ती काय म्हणेल या धास्तीने, मी तिला न विचारताच गाडी बोलावली. आमचा गाडीवाला आंबवड्याचा. दारातूनच म्हणाला, “काकू, लई गारठा हाय. येताय न्हवं?”

ती उठून पलंगाच्या कडेला बसली. मग शालीसाठी माझ्याकडे हात केला.

“पुढच्या महिन्याचं कळेपर्यंत येते,” ती म्हणाली. “आणि देवाचं पाणी मला दाखवल्याशिवाय घालू नका.”

कापूरहोळ येण्यापूर्वीच ती काचेला डोके टेकून झोपली होती.