तेल जमलं

मिरजेच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा वडील खिडकीबरोबर चालत एवढंच म्हणाले, "तिथं आपलीच माणसं आहेत. भाषेची काळजी नको." आईनं तेवढ्यात लोकरीची कानटोपी आत टाकली. मला टोपीची लाज वाटली आणि भाषेचा भरवसा वाटला. दोन्ही उलट निघालं.

ग्वाल्हेरात दौलतगंजला खोली घेतली. दारांवर आपली आडनावं, देवघरात आपले देव, आणि भाजीवाल्याशी भांडण मात्र हिंदीत. मी नक्की परगावी आलो की नाही, हेच कळेना. एका सरदारांच्या मोटारखान्यात तीन महिन्यांच्या बोलीवर नोकरी होती. कामात चूक झाली की परतीची गाडी. गावाच्या लेखी तर मी इंजिनिअर होऊन बसलो होतो, तोंड कुठं दाखवणार?

पौषात तिथं हाडं गारठतात. मोटारी सुरू होत, पण घट्ट झालेलं तेल वर चढेना. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं आणि पंप ते एका जाळीतून ओढतो. एक जाळी तळाला पक्की बसवलेली, दुसरी तेलावर तरंगणारी. थंडीत कोणती बरी, ते आम्हाला ठरवायचं होतं. मोटारी उघड्यावर ठेवून पहाटे सुरू करायच्या आणि तेलाच्या दाबाचा काटा किती वेळात हलतो, ते मी वहीत लिहायचं.

माझे वरिष्ठ गोविंदराव मिस्त्री. त्यांचे पणजोबा मराठी फौजेबरोबर इकडे आलेले, ते स्वतः जन्मानं ग्वाल्हेरातल्या लष्कर भागातले. तिसऱ्या पहाटे ते गाडीखाली शिरले, तळाचं बूच उघडून पाहिलं, परत लावलं आणि ओरडले, "तेल जमलं हो!" मग निखाऱ्याची शेगडी आणायला गेले. जमलं म्हणजे साठलं, मग शेगडी कशाला? मी हँडल मारलं. काटा हलेना. मला वाटलं, काटाच अडकलाय. इंजिन खडखडलं, बेअरिंग वितळून गेलं. मिस्त्री शेगडी टाकून धावले. "अहो, जमलं म्हणालो ना मी! जम गया! घट्ट झालं!"

ध चा मा झाला होता. मला त्यांचाच राग आला. ही कुठली मराठी?

सरदारांच्या कारभाऱ्यांपुढे दोघांना उभं केलं. बोलले ते मिस्त्रीच. "गलती माझी आहे, सरकार. हे दक्षिणचे आहेत, ह्यांना आपली मराठी अजून समजत नाही." कारभारी आधी हसले, मग मला म्हणाले, "महिन्याभरात शिकून घ्या." नोकरी राहिली. मी मिस्त्रींच्या पाया पडलो आणि तो राग आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच वर्षांनी थंडीत गावी गेलो. खोबरेलाची बाटली हातात घेऊन बहिणीला म्हणालो, "ताई, तेल जमलंय." सगळं घर हसलं. "तेल थिजतं रे! जमतं काय?" मीही हसलो, जरा उशिरानं.

गावाकडच्या मंडळींनो, आम्ही तिकडे सुखात आहोत असं तुम्हाला वाटतं. असूही. निघताना मी आईला म्हणालो, "घरी पोचलो की पत्र टाकतो."

"घरी," ती म्हणाली. "म्हणजे तुझं तिकडं जमलं म्हणायचं."

"जमलं," मी म्हणालो. कोणत्या मराठीत म्हणालो, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.