पाच तासांचं बंदर

आम्ही पहिल्यांदाच क्रूझवर जाणार आहोत, तर काल सुनेने मोबाईलवर त्या बोटीचे, आधी जाऊन आलेल्यांनी टाकलेले फोटो दाखवले. बघावं तिकडे ताटंच ताटं, आणि प्रत्येक ताटात अर्धवट खाऊन टाकलेलं काहीतरी. मला तर बाई किळसच आली. एवढ्या समुद्रावर जायचं ते काय लोकांचं उष्टं बघायला?

मुलगा म्हणाला, "आई, गोव्याला बोट पाच तास थांबते. तेवढ्यात किनारा, खरेदी आणि मासे."

"आणि देवीची ओटी?" मी विचारलं. आमची कुलदेवी तिथलीच, बंदरापासून तासाभराच्या वाटेवर. लग्न झाल्यावर ह्यांच्याबरोबर एकदाच गेले होते.

"ते यादीत बसत नाही गं. पुढच्या वेळी बघू."

माझ्या वयाला पुढची वेळ कोण देतं? देवीच्या गावापर्यंत जायचं आणि मासे खाऊन परतायचं, ह्या विचारानेच तोंड कडू झालं. वाटलं, त्या ताटांसारखी आपण आता गावंही अर्धी चाखून टाकून देतो.

खण-नारळ मी आजच पिशवीत ठेवलेत. मुलाला म्हटलं, "तुम्ही मासे खा, मी ओटी भरून येते. बोट सुटली तर सुटू दे. मला एसटीने घरी येता येतं."