जाळीवरची फीत

योगेशचं काम नेमकं काय, हे त्याच्या बायकोलाही धड सांगता यायचं नाही. मोठ्या इमारतीत गार हवा, ताजी हवा आणि धूर वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट कुठून जातील ते तो बघायचा. म्हणजे खरं तर प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि फॉल्स सीलिंगवाले यांची भांडणं दिवसभर मिटवत फिरायचा. पंधरा वर्षांत नाशकातल्या कितीतरी छतांत त्याने डोकं घातलं होतं.

गंगापूर रोडवर ऑफिसांची एक इमारत उभी राहत होती, तेव्हा दिंडोरीकडची लंकाबाई साइटवर चहा द्यायची. हवा सुरू केली की योगेश छतातल्या, हवा बाहेर सोडणाऱ्या प्रत्येक जाळीला कापडाची फीत बांधायचा. फीत उडाली की काम पास. लंकाबाईला त्याचं भारी कौतुक. पुढे तिथल्याच कॅन्टीनमध्ये तिला पोळ्यांचं काम मिळणार होतं.

"भाऊ, सैपाकघरात वारा येईल ना? मला दमा हाय," तिने एकदा विचारलं.

"येईल मावशी. मी आहे ना," हा म्हणाला.

आणि नेमका स्वयंपाकघराचाच डक्ट बीमला अडला. वळवायला आठवडा हवा होता आणि उद्घाटन दसऱ्याला ठरलेलं. योगेशने नकाशातून तो डक्टच उडवला आणि सही ठोकली. छत भुंडं दिसू नये म्हणून जाळी तेवढी बसवली. नंतर करू, म्हणाला. नंतर दुसरी साइट आली. या धंद्यात 'नंतर' कधी येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

मे महिन्यात वरच्या मजल्यावरची एक तक्रार बघायला तो गेला आणि उतरताना कॅन्टीनमध्ये डोकावला. लंकाबाई घामाने निथळत पोळ्या लाटत होती, मधेच ओट्याला धरून श्वास घेत होती. जुन्या लुगड्याचा काठ फाडून तिने जाळीला बांधला होता. तो सरळ खाली लोंबत होता.

"बरं झालं आलात भाऊ. रोज बघते, पण हलत नाय. वरून बंद असंल ना?"

हो म्हणून सटकणं सोपं होतं. पण त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मावशी, जाळीच्या मागे काहीच नाही. मीच ते काम काढून टाकलं."

ती स्टूल ओढून धापा टाकत वर चढली आणि गाठ सोडली.

"आधी सांगायचं ना भाऊ," ती म्हणाली, "मी आपली रोज वर बघत बसले. बसा, चहा टाकते."